एकाच रोगाचे दोन वेग : आफ्रिकेतील निद्रारोगाची पार्श्वभूमी

१९१० साली लिव्हरपूलच्या एका रुग्णालयात निद्रारोगाचा, म्हणजे त्सेत्से माशी चावल्याने रक्तात शिरणाऱ्या आणि पुढे मेंदू गाठणाऱ्या परजीवीच्या रोगाचा, एक रुग्ण दाखल होता. त्याला लागण झाली होती आजच्या झांबियातल्या लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात. रोनाल्ड रॉस, म्हणजे सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधणारे तेच रॉस, आणि त्यांचे सहकारी डेव्हिड थॉमसन या रुग्णाच्या रक्तातले परजीवी रोजच्या रोज मोजत होते. आकडे आलेखावर मांडले तेव्हा लाटा उमटल्या. काही दिवस संख्या चढत जाई, मग एकदम कोसळे, की पुन्हा चढाव सुरू. परजीवी अंगावरचे प्रथिनांचे आवरण बदलतो आणि शरीराची प्रतिकारशक्ती प्रत्येक वेळी नव्याने मागे लागते, हे त्यामागचे कारण बऱ्याच वर्षांनी कळले.

त्याच रुग्णाच्या परजीवीवर स्टीफन्स आणि फँथम यांनी उंदरांत प्रयोग केले, तेव्हा काही परजीवींचे केंद्रक मधोमध नसून पार शेपटाकडे सरकलेले दिसले. आणखी एक कोडे होते. ज्या जातीच्या त्सेत्से माशीवर तोवर निद्रारोगाचा सगळा ठपका होता, ती लुआंग्वा खोऱ्यात नव्हतीच. दोघांनी हा परजीवी वेगळा मानला आणि त्याला ट्रिपॅनोसोमा ऱ्होडेसिएन्स असे नाव दिले.

तोवर घडलेले थोडक्यात असे. डेव्हिड ब्रूस यांनी १८९० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूलँडमध्ये गुरांच्या ‘नगाना’ रोगामागचा ट्रिपॅनोसोम, म्हणजे याच कुळातला एकपेशी परजीवी, शोधला. तो पुढे त्यांच्याच नावाने ‘ब्रुसी’ झाला. गांबियात फोर्ड यांना एका रुग्णाच्या रक्तात वळवळणारे जंतू दिसले, डटन यांनी ते ओळखले आणि १९०२ मध्ये त्यांना ‘गॅम्बिएन्स’ म्हटले. पाठोपाठ कास्तेलानी यांना युगांडात निद्रारोग्यांच्या पाठीच्या कण्यातील द्रवात हेच जंतू सापडले.

सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचपट्टीवर ब्रुसी, गॅम्बिएन्स आणि ऱ्होडेसिएन्स हे तिघे एकसारखेच. फरक कळतो तो रुग्णाच्या खाटेजवळ. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला गॅम्बिएन्स सावकाश घेतो. ताप येतो-जातो, मानेमागच्या गाठी सुजतात आणि मेंदूपर्यंत पोहोचायला महिने काय, वर्षे जातात. पूर्वेकडचा ऱ्होडेसिएन्स आठवड्यांत मेंदू गाठतो आणि उपचार न मिळाल्यास माणूस बहुधा सहा महिन्यांच्या आत दगावतो. या वेगाच्या फरकाला माझ्या मते पुरेसे महत्त्व मिळत नाही, कारण इतिहासही त्यावरून नव्याने वाचावा लागतो. १९०० ते १९२० या काळात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, युगांडातल्या बुसोगा भागात, सुमारे अडीच लाख माणसे या रोगाने गेली. ती साथ गॅम्बिएन्सची, असे अनेक दशके गृहीत धरले गेले. पुढे संशोधकांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. त्यातले मृत्यू इतके झटपट झालेले होते, की निदान काही भागांत तरी तो ऱ्होडेसिएन्स असावा असे मत पुढे आले.

माणसाच्या रक्तात मुळात ट्रिपॅनोसोम मारण्याची ताकद असते. फ्रेंच संशोधक लाव्हेरान यांनी १९०२ मध्येच दाखवले होते, की ब्रुसीची लागण झालेल्या उंदराला माणसाचा रक्तद्रव टोचला तर परजीवी नाहीसे होतात. गुरांना मारणारा ब्रुसी आपल्याला काही करत नाही तो त्यामुळेच. पण हे मारणारे द्रव्य कोणते आणि ऱ्होडेसिएन्स त्यातून निसटतो कसा, याचे उत्तर मिळायला शतक लागले. ब्रुसेल्समध्ये एतिएन पेज यांच्या गटाने १९९८ मध्ये ऱ्होडेसिएन्समधला ‘एसआरए’ हा एकच जनुक वेगळा काढून ब्रुसीत घातला, आणि ब्रुसी माणसाच्या रक्तद्रवाला दाद देईना. २००३ मध्ये मारणारे प्रथिनही सापडले : एपीओएल१. परजीवी ते गिळतो, ते त्याच्या आत पटलाला छिद्रे पाडते, परजीवी फुगतो आणि मरतो. एसआरए या प्रथिनाला मिठी मारून त्याचे काम थांबवते. गॅम्बिएन्सची सुटण्याची वाट निराळी, तिच्यातला जनुकही निराळा.

या शोधाला वर्ष-दोन वर्षे होतात न होतात तोच चंद्रपूर जिल्ह्यातला एक शेतकरी महिनोन्‌महिने येणाऱ्या-जाणाऱ्या तापाने आजारी पडला. त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोम दिसले. पण भारतात त्सेत्से माशी नाही! परजीवी होता इव्हान्सी, गुराढोरांच्या, घोड्या-उंटांच्या ‘सर्रा’ रोगाचा. ग्रिफिथ इव्हान्स यांनी तो १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे शोधला होता. ब्रुसीपासूनच निघालेला हा प्रकार त्सेत्सेच्या पोटात वाढण्यासाठी लागणारा डीएनए गमावून बसला, म्हणून जनावरांना चावणाऱ्या मोठ्या माश्यांच्या सोंडेवरून थेट पसरत तो आफ्रिकेबाहेर पडला. त्याच्याकडे एसआरए नाही, मग माणसाला लागला कसा? तपासात कळले, की या शेतकऱ्याच्या एपीओएल१ जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या, मारणारे प्रथिन रक्तात नव्हतेच. सुरामिन हे जुने औषध देऊन तो बरा झाला. त्याच्या गावात अठराशेवर लोकांची तपासणी झाली. बऱ्याच जणांत प्रतिपिंडे आढळली, परजीवी मात्र कुणाच्याही रक्तात दिसला नाही. तेवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. २०१५ मध्ये व्हिएतनाममध्ये इव्हान्सीची लागण झालेल्या बाईचे एपीओएल१ धड होते.

ऱ्होडेसिएन्सचेही पोटप्रकार आहेतच. मलावी-झांबियाकडचा आजार बहुधा सौम्य आणि लांबणारा, युगांडातला तीव्र. जुने डॉक्टर ‘झांबेझी’ आणि ‘बुसोगा’ अशी नावे घेत. १९८० च्या दशकात युगांडाच्या एकाच साथीत काही रुग्ण झपाट्याने खालावत होते, काही रेंगाळत होते. त्या वेळी जपून ठेवलेल्या परजीवींपैकी दोहोंचे संपूर्ण जीनोम २०१३ मध्ये वाचले गेले. ते एकमेकांपासून स्पष्ट वेगळे निघाले. इतर नमुने त्यांच्या शेजारी ठेवून पाहिले तेव्हा पूर्व आणि पश्चिम आफ्रिकी जनुकखंडांची सरमिसळ दिसली, आणि त्यातले काही खंड आजाराच्या तीव्रतेशी जुळत होते. म्हणजे ज्यांना आपण दोन पक्क्या जाती समजत होतो, त्या गॅम्बिएन्स आणि ऱ्होडेसिएन्स यांच्यात जनुकांची देवाणघेवाण झालेली असावी.

युगांडासाठी हा नुसता अभ्यासाचा विषय नाही. रोगाची दोन्ही रूपे असलेला तो एकच देश आहे. वायव्येला गॅम्बिएन्स, आग्नेयेला ऱ्होडेसिएन्स. १९९८ मध्ये सोरोटी जिल्ह्यात ऱ्होडेसिएन्सची साथ उठली ती बाधित भागातून बाजारात विकायला आणलेल्या गुरांमुळे. अशा गुरांबरोबर तो उत्तरेकडे सरकत गेला आणि दोन रूपांमधले अंतर घटत गेले. एफ्लॉर्निथिन हे औषध गॅम्बिएन्सवर चालते, ऱ्होडेसिएन्सवर भरवशाचे नाही. ऱ्होडेसिएन्स मेंदूत पोहोचला की मेलार्सोप्रोल द्यावे लागे. हे आर्सेनिकचे औषध घेणाऱ्या दर शंभरातले पाचएक रुग्ण औषधानेच दगावत. त्यामुळे रुग्ण कुठल्या गावाहून आला, हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असे. फेक्सिनिडाझोल या गोळ्यांना २०१८ मध्ये गॅम्बिएन्ससाठी युरोपीय औषध संस्थेने अनुकूल मत दिले. मलावी आणि युगांडातल्या चाचण्यांनंतर डिसेंबर २०२३ मध्ये ते ऱ्होडेसिएन्ससाठीही मिळाले.