होम थिएटर : उच्च दर्जाच्या उपकरणांची निवड

होम थिएटर म्हणजे चित्रपटगृहातील मोठे चित्र, प्रेक्षकाला चहूबाजूंनी वेढणारा ध्वनी आणि काळोख या तिन्ही गोष्टी घरातील एका खोलीत एकत्र आणणारी व्यवस्था. दिवाणखान्यातला मोठा टीव्ही आणि त्याखालचा साउंडबार यांनाही व्यवहारात हेच नाव दिले जाते. प्रस्तुत नोंदीत मात्र स्वतंत्र खोली, प्रोजेक्टर, पडदा, सात ते अकरा स्पीकर आणि एकाहून अधिक सबवूफर (केवळ खर्जाचे, म्हणजे खालच्या स्वरांचे, स्पीकर) असलेल्या उच्च दर्जाच्या व्यवस्थेचा, आणि तोही मराठवाड्यातील हवामान, वीज व घरबांधणी ध्यानात घेऊन विचार केला आहे. अशी खोली आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर येथील नव्या बंगल्यांच्या नकाशांतही ती दिसते.

निवडीची सुरुवात बहुधा प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकापासून होते आणि खोलीचा विचार सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत केला जातो. हा क्रम उलटा आहे. आधी खोली आणि वीज, मग बैठक व पडदा, त्यानंतर स्पीकर, स्पीकरला साजेसे ॲम्प्लिफायर आणि अखेरीस प्रोजेक्टर असा क्रम ठेवला, तर प्रत्येक टप्प्यावरचा निर्णय पुढच्या उपकरणाचे माप आपोआप ठरवून देतो. खोली घराइतकी टिकते, चांगले स्पीकर वीस-पंचवीस वर्षे सहज चालतात, प्रोजेक्टर मात्र काही वर्षांतच तंत्राने जुना होतो; म्हणून आधी पैसा घालायचा तो जे टिकते त्यात.

खोली : बंद खोलीत खर्जाच्या लांब ध्वनिलहरी समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकतात आणि ठरावीक वारंवारतांना अनुनाद निर्माण होतो. ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअस तापमानाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्या हिशेबाने २० फूट लांब, १४ फूट रुंद आणि १० फूट उंच खोलीत हे मूळ अनुनाद सुमारे २८, ४० आणि ५६ हर्ट्झला येतात. यात एक खोच आहे. लांबी उंचीच्या बरोबर दुप्पट असल्यामुळे लांबीचा दुसरा अनुनादही ५६ हर्ट्झलाच पडतो, आणि त्या एका स्वराला खोली घुमू लागते. स्लॅबची उंची दहा फुटांच्या आसपास ठेवण्याची आपल्याकडची पद्धत पाहता, वीस फूट लांबीची खोली काढण्यापेक्षा भिंत दोन फूट पुढे घेणे शहाणपणाचे ठरते. पातळ जिप्समचे फॉल्स सीलिंग लावून उंची कमी केल्याने हा प्रश्न फारसा सुटत नाही, कारण इतक्या खालच्या वारंवारतेचा बराचसा ध्वनी त्यातून आरपार जातो आणि वरच्या स्लॅबवरून परत येतो. चौरस खोली सर्वांत वाईट. लांबी आणि रुंदी समान असल्याने तेथे दोन्ही अनुनाद एकावर एक चढतात.

आवाज खोलीबाहेर जाऊ न देणे आणि खोलीतला घुमारा कमी करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि ग्राहकांचाच नव्हे तर कंत्राटदारांचाही सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. पहिल्या कामासाठी वजन, हवाबंदपणा आणि दोन थरांमधली मोकळीक लागते : जाड भिंत, तिच्यापासून सुटी ठेवलेली जिप्सम बोर्डाची दुहेरी भिंत, मधल्या पोकळीत रॉकवूल (दगडापासून बनवलेली तंतुमय लोकर), आणि चारही कडांना रबरी पट्टी असलेले भरीव दार. दाराखालची अर्धा इंच फट राहिली, तरी भिंतीवरचा पुष्कळसा खर्च वाया जातो. दुसऱ्या कामासाठी ध्वनी शोषणारे जाड, सच्छिद्र पदार्थ लागतात. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवल्याने यांपैकी एकही काम होत नाही, हे येथे नमूद केलेले बरे. गिलावा केलेल्या चार भिंती, काचेच्या खिडक्या आणि विट्रिफाइड टाइल्स अशा आजच्या सर्वसाधारण खोलीत आवाज दीर्घकाळ रेंगाळतो. चित्रपटाच्या खोलीत तो काळ साधारण ०.३ ते ०.४ सेकंदांवर आणावा लागतो. त्यासाठी बाजूच्या भिंतींवर, ज्या जागी आरसा धरला असता बसल्या जागेवरून स्पीकर दिसतो त्या जागी, चार इंच जाडीचे शोषक लावतात आणि कोपऱ्यांत त्याहून जाड. जमिनीवर सतरंजी, घोंगडी किंवा गालिचा उपयोगी पडतो, पण तो वरच्या स्वरांपुरताच. मराठवाडा कापसाचा प्रदेश असल्याने पिंजाऱ्याकडून घट्ट भरून घेतलेल्या सरकीविरहित कापसाच्या गाद्याही कापडी चौकटीत बसवता येतात आणि त्या ध्वनी चांगला शोषतात. मात्र कापूस पेट घेतो, त्याला कीड लागते आणि त्याच भिंतीतून तारा जातात, म्हणून अग्निरोधक प्रक्रिया न केलेला कापूस वापरू नये. रॉकवूल जळत नाही, हा त्याचा मोठा गुण.

जुन्या गावठाणांतील माळवदाच्या घरांना येथे अनपेक्षित लाभ मिळतो. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती लग्नसराईतला डीजे आणि रस्त्यावरचा ट्रॅक्टर दोन्ही बऱ्याच अंशी बाहेर ठेवतात, आणि पांढऱ्या मातीचे जाड छप्पर उन्हाळ्यात खोली थंड राखते. तथापि खणांच्या मापामुळे अशा खोल्या लांबट आणि अरुंद असतात, मधला खांब काढता येत नाही, आणि छताच्या जुन्या तुळईला प्रोजेक्टर किंवा जड स्पीकर टांगणे धोक्याचे असते. लातूर व धाराशिव जिल्ह्यांत ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या किल्लारी भूकंपात अशीच जड छपरांची, दगड-मातीची घरे कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यामुळे या भागात डोक्यावरची प्रत्येक वस्तू स्वतंत्र लोखंडी चौकटीवर, दुहेरी आधाराने आणि सुरक्षा-तारेसह बसवणे हा निव्वळ काटेकोरपणाचा भाग नाही. प्रोजेक्टर मागील भिंतीतल्या फडताळावर ठेवता आला तर अधिक चांगले.

वीज, उष्णता आणि धूळ : या तीन गोष्टींचा उल्लेख परदेशी मार्गदर्शिकांत क्वचितच येतो, पण येथे उपकरणांचे आयुष्य त्यांवरच ठरते. घरगुती पुरवठा नावाला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असला, तरी ग्रामीण वाहिन्यांवर कृषिपंप सुरू-बंद होताना दाब खाली-वर होतो आणि भारनियमनानंतर वीज परत येतानाचा झटका सर्वांत घातक असतो. खोलीसाठी घराच्या वितरण फळीपासूनच स्वतंत्र लाइन घ्यावी. प्रोजेक्टर आणि प्रोसेसर (ध्वनी वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणारे यंत्र) ऑनलाइन यूपीएसवर ठेवावेत, कारण त्यातून सलग शुद्ध साइन लहरीचा पुरवठा होतो. घराघरांत असलेल्या स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. मोठ्या ॲम्प्लिफायरांसाठी पुरेशा क्षमतेचा, मोटारीच्या साह्याने वीजदाब स्थिर ठेवणारा सर्व्हो स्टॅबिलायझर लावावा. यूपीएस आणि स्टॅबिलायझर या दोघांच्या पंख्यांचा व मोटारीचा आवाज येतो, म्हणून त्यांची जागा खोलीबाहेर.

अर्थिंगकडे होणारे दुर्लक्ष तर सार्वत्रिक आहे. काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण एप्रिल-मे महिन्यांत ती भेगाळून कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो. मुरूम आणि खडकाळ बेसाल्टमध्ये तो मुळातच जास्त असतो. म्हणून अर्थिंगचे माप पावसाळ्यात न घेता भर उन्हाळ्यात घ्यावे आणि खड्ड्यात पाणी घालण्याची सोय ठेवावी. सर्व उपकरणांची अर्थ एकाच बिंदूला जोडावी. डिश अँटेनाची केबल वेगळ्या मार्गाने जमिनीला लागली की स्पीकरमधून ५० किंवा १०० हर्ट्झची घरघर ऐकू येते, आणि तिचा दोष बहुधा निरपराध ॲम्प्लिफायरवर ठेवला जातो. वळवाच्या पावसातील विजा लक्षात घेता मुख्य फळीवर सर्ज संरक्षक यंत्र आणि डिश व इंटरनेटच्या तारांवरही तसेच संरक्षण आवश्यक आहे.

बहुतेक प्रोजेक्टर ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात चालवण्यासाठी बनवलेले असतात, आणि परभणी-नांदेडकडे उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा वातानुकूलन ही येथे चैन नसून उपकरणाची गरज आहे. मराठवाड्यात घरोघरी चालणारा कूलर मात्र या खोलीत नको. तो दमट हवा, धूळ आणि मोठा आवाज हे तिन्ही एकदम आत आणतो. कमी वेगाने चालणारा इन्व्हर्टर एसी बैठकीपासून दूर बसवावा. धुळीसाठी बंदिस्त प्रकाशयंत्रणेचा लेझर प्रोजेक्टर पसंत करावा आणि त्याची जाळी उन्हाळ्यात महिन्यातून एकदा साफ करावी.

पडदा आणि प्रोजेक्टर : पडद्याचे माप भिंतीवरून नव्हे, तर बैठकीवरून ठरते. पडद्याने डोळ्यांशी सुमारे ४० अंशांचा कोन करावा हा सर्वमान्य संकेत धरला, तर १२० इंच कर्णाच्या १६:९ पडद्यासाठी, म्हणजे २.६६ मीटर रुंदीसाठी, मुख्य बैठक सुमारे १२ फुटांवर येते. चित्रपटगृहातील चित्राची प्रमाणित उजळता साधारण ४८ निट्स (निट हे उजळतेचे एकक) असते. एवढ्या पडद्यावर ती मिळवण्यासाठी, पडद्याचा परावर्तन गुणांक १ असल्यास, प्रत्यक्ष ६०० ल्यूमेनच्या (ल्यूमेन हे प्रोजेक्टरमधून निघणाऱ्या प्रकाशाचे एकक) आसपास प्रकाश पुरतो आणि अधिक उजळ व अधिक गडद छटा दाखवणाऱ्या एचडीआर चित्रासाठी त्याच्या दुप्पट किंवा अधिक लागतो. येथे ‘प्रत्यक्ष’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण खोक्यावर छापलेले ल्यूमेन हिरवट रंगाच्या सर्वांत प्रखर अवस्थेतले असतात आणि रंग अचूक केल्यावर त्यांत मोठी घट होते. पूर्ण काळोख्या खोलीत ल्यूमेनपेक्षा काळ्या रंगाची गडदता अधिक मोलाची असते. या गुणात एलकॉस (परावर्तक द्रवस्फटिक) पद्धतीचे, म्हणजे जेव्हीसी आणि सोनी यांचे, प्रोजेक्टर सामान्यतः डीएलपी (सूक्ष्म आरशांच्या) पद्धतीच्या प्रोजेक्टरपेक्षा सरस ठरतात, तर डीएलपी स्पष्टतेत आणि टिकाऊपणात पुढे असतो. भिंती व छत गडद, चमक नसलेल्या रंगाचे नसतील, तर हा सगळा फरक पांढऱ्या छतावरून परतलेल्या प्रकाशात बुडून जातो. पांढऱ्या खोलीत बसवलेल्या महागड्या प्रोजेक्टरपेक्षा काळ्या खोलीतला मध्यम प्रोजेक्टर केव्हाही चांगला.

बहुतेक मोठे चित्रपट २.३९:१ या रुंद प्रमाणात असल्याने तसाच पडदा घेण्याची प्रथा आहे. परंतु नांदेड-देगलूर पट्ट्यात तेलुगू चित्रपट आवडीने पाहिले जातात, आणि उपशीर्षके वाचत पाहणाऱ्याची येथे अडचण होते : ती पुष्कळदा चित्राखालच्या काळ्या पट्टीत उमटतात आणि रुंद पडद्यावर ती पट्टी पडद्याबाहेर जाते. अशा घरात १६:९ पडदा आणि वर-खाली सरकणारे काळे मुखवटे (पडद्याचा न लागणारा भाग झाकणाऱ्या पट्ट्या) हा अधिक सोयीचा पर्याय आहे.

स्पीकर आणि सबवूफर : डॉल्बी ॲटमॉस ही ध्वनिपद्धती २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आणि २०१४ मध्ये घरगुती उपकरणांत आली. तिच्यातील ७.१.४ या मांडणीत कानाच्या पातळीवर सात स्पीकर, खर्जाची एक स्वतंत्र वाहिनी आणि छतात चार स्पीकर असतात. यांपैकी पुढचे तीन सर्वांत महत्त्वाचे. मधल्या स्पीकरमधून जवळपास सर्व संवाद येतात, म्हणून तो डाव्या-उजव्या स्पीकरच्याच जातीचा आणि तसाच उभा असावा. त्यासाठी ध्वनी आरपार जाऊ देणारा विणलेला किंवा छिद्रांकित पडदा घेऊन तिन्ही त्यामागे ठेवतात. पडद्याखाली आडवा ठेवलेला मधला स्पीकर ही तडजोड आहे, आणि कडेला बसलेल्यांना संवाद अस्पष्ट ऐकू येण्याचे ते नेहमीचे कारण असते. स्पीकर पारखताना समोरच्याइतकाच बाजूंना पसरणारा ध्वनीही समतोल आहे की नाही हे पाहावे. कॅनडात आणि पुढे हार्मन कंपनीत संशोधन केलेल्या फ्लॉइड टूल यांनी श्रोत्यांच्या पसंतीचा या मोजमापाशी असलेला संबंध दाखवून दिला आहे, आणि चांगले उत्पादक ही मापे प्रसिद्ध करतात.

चित्रपटाच्या प्रमाणित पातळीवर प्रत्येक मुख्य स्पीकरकडून बैठकीपाशी १०५ डेसिबलपर्यंतची क्षणिक शिखरे अपेक्षित असतात. एक वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल देणारा स्पीकर चार मीटरवर ७५ देतो. उरलेले ३० डेसिबल भरून काढायला १००० वॅट लागतात. तेच काम ९६ डेसिबल संवेदनशीलतेचा हॉर्न स्पीकर सुमारे १२५ वॅटमध्ये करतो. भिंतींच्या परावर्तनामुळे प्रत्यक्ष गरज थोडी कमी होते आणि घरात सहसा दहा डेसिबल खालीच ऐकले जाते, तरीही ॲम्प्लिफायर आधी आणि स्पीकर नंतर निवडणे का चुकीचे आहे ते या हिशेबातून कळते. ॲम्प्लिफायरचे वॅट ‘सर्व वाहिन्या एकाच वेळी चालू’ असतानाचे विचारावेत. दोनच वाहिन्या चालवून काढलेला आकडा फसवा असतो, आणि पीएमपीओ हा जाहिरातीपुरता फुगवलेला क्षणिक क्षमतेचा आकडा तर विचारातही घेऊ नये.

खर्ज म्हणजे छातीत बसणारा दणका, अशी समजूत मिरवणुकांतील ध्वनिभिंतींनी रुजवली आहे. उत्तम खर्ज प्रत्येक खुर्चीवर सारखा आणि स्वरास्वरांत वेगळा ऐकू येतो. एकच अवाढव्य सबवूफर कोपऱ्यात ठेवल्यास वर सांगितलेले अनुनाद उफाळतात आणि एका खुर्चीवर खर्ज ओसंडतो, तर शेजारी तो नाहीसा होतो. टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार आयताकृती खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन, किंवा चारही भिंतींच्या मध्यावर चार सबवूफर ठेवल्यास ही तफावत पुष्कळ कमी होते. मुख्य स्पीकरकडून सबवूफरकडे ध्वनी साधारण ८० हर्ट्झला सोपवला जातो.

प्रोसेसर आणि स्रोत : डिरॅक, ऑडिसी, ट्रिनोव्ह यांसारख्या खोली-सुधार प्रणाली मायक्रोफोनने मोजणी करून ध्वनी सावरतात, पण रेंगाळणारा आवाज त्या गिळू शकत नाहीत, तेव्हा त्यांची जागा शोषकांनंतरची. मोजणी एसी चालू ठेवून, नेहमीच्या तापमानाला करावी. अल्ट्रा एचडी ब्लू-रे तबकडीवर ॲटमॉस ध्वनी कोणतीही काटछाट न होता मिळतो, ओटीटीवर तो आकुंचित रूपात येतो. मराठी चित्रपट मुख्यतः ओटीटीवरच उपलब्ध असल्याने फायबर जोडणी आणि चांगला स्ट्रीमिंग संच दोन्ही घ्यावेत. प्रोजेक्टरपर्यंतची लांब एचडीएमआय केबल ऑप्टिकल प्रकारची असावी आणि ती बदलता येईल अशा रुंद नळीतून न्यावी.

खरेदी : प्रात्यक्षिकासाठी संभाजीनगरकडील ग्राहक सहसा पुणे-मुंबईला आणि नांदेड-लातूरकडील हैदराबादला जवळचे मानतात. विक्रेत्याच्या सजवलेल्या दालनातला ध्वनी हा त्या दालनाचाही असतो, म्हणून ओळखीचा, संवादप्रधान प्रसंग मध्यम आवाजात ऐकावा. परदेशातील नातेवाइकांकडून उपकरणे मागवताना ती २३० व्होल्टवर चालतात की नाही हे आधी पाहावे. अमेरिकी बाजारातील कित्येक ॲम्प्लिफायर केवळ १२० व्होल्टचे असतात आणि त्यांची हमी भारतात सहसा चालत नाही. नादुरुस्त प्रोजेक्टर कोणत्या शहरातील सेवा केंद्रात पाठवावा लागेल आणि वाहतुकीचा खर्च कोणी सोसायचा, हे पावतीवरच लिहून घ्यावे.