कार अपघातातल्या दुखापतीच्या दाव्याची मुदत (अमेरिका)

कार अपघातात कुणाला लागलं, हाड मोडलं, मान-पाठ कायमची दुखावली, तर ज्याची चूक त्याच्यावर भरपाईसाठी कोर्टात दावा लावता येतो, पण तो कायद्याने ठरवून दिलेल्या मुदतीतच लावावा लागतो. अमेरिकेत ह्या मुदतीच्या कायद्याला स्टॅच्यूट ऑफ लिमिटेशन्स म्हणतात. मुदत टळली की केस कितीही खरी असो, समोरच्याने तो मुद्दा काढला की कोर्ट सहसा दावा फेटाळतं, चूक कुणाची होती इथपर्यंत गोष्ट पोचतच नाही. हा मुद्दा प्रतिवादीनेच काढायचा असतो, कोर्ट सहसा आपणहून काढत नाही, पण इन्शुरन्स कंपनीचा वकील तो विसरेल ह्या आशेवर कुणीही राहू नये.

मूळ कल्पना इंग्लंडची, तिथे १६२३ साली असा कायदा झाला. साक्षीदार विसरतात, कागद हरवतात आणि कुणाच्याही डोक्यावर जन्मभर दाव्याची टांगती तलवार नको, असं त्यामागचं कारण. ते पटतंही, पण फटका बसतो तो ऑपरेशन आणि फिजिओथेरपीत अडकलेल्या माणसालाच.

मुदत किती ते राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये २ वर्षं, न्यूयॉर्कमध्ये ३, मेन राज्यात चक्क ६. टेनेसीत फक्त १ वर्ष, मात्र त्या अपघातावरून ड्रायव्हरवर वर्षाच्या आत फौजदारी गुन्हा लागला तर २. शिवाय हे आकडे बदलत असतात, फ्लोरिडात आधी ४ वर्षं होती ती २४ मार्च २०२३ पासून २ वर झाली आणि लुइझियानाने उलटं केलं, १ जुलै २०२४ पासूनच्या अपघातांना १ च्या जागी २ वर्षं दिली. म्हणून ओळखीच्या कुणाची केस चारपाच वर्षांपूर्वी कशी झाली त्यावरून आपला हिशोब करू नये. दावा साधारणपणे अपघात झाला तिथेच लागतो, त्यामुळे नियम तिथला बघायचा, आपण राहतो त्या राज्याचा नाही, आणि जखमी माणूस देश सोडून गेला म्हणून मुदत थांबत नाही.

एकाच अपघातातल्या वेगवेगळ्या नुकसानीला मुदतही वेगळी असू शकते. कॅलिफोर्नियात गाडीच्या नुकसानीला ३ वर्षं आहेत, म्हणजे मोडलेल्या हातापेक्षा चेपलेल्या बंपरला जास्त वेळ, हे खटकतं पण कायदा तसा आहे. न्यूयॉर्कमध्ये दुखापतीला ३ वर्षं, पण माणूस दगावला तर घरच्यांच्या दाव्याला मृत्यूपासून २ च.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते सरकारी गाडीने ठोकल्यावर. सिटी बस, पालिकेचा ट्रक, पोलिसांची गाडी असेल तर कोर्टाच्या आधी त्या सरकारी खात्याकडे लेखी क्लेम द्यावा लागतो आणि ती मुदत फार तोकडी असते, कॅलिफोर्नियात ६ महिने, न्यूयॉर्कमध्ये शहर किंवा काउंटीवर (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागावर) दावा असेल तर ९० दिवसांत नोटीस आणि मग १ वर्ष ९० दिवसांत दावा. पोस्टाच्या व्हॅनसारखी केंद्र सरकारची गाडी असली तर २ वर्षांत त्या खात्याकडे क्लेम करायचा आणि त्यांनी नकाराचं पत्र पोस्टात टाकल्यापासून ६ महिन्यांत कोर्टात जायचं. जखमी माणूस हॉस्पिटलात असतानाच ९० दिवस निघून जातात, तेव्हा हे काम घरातल्या कुणीतरी लगेच हातात घ्यायला हवं.

दुसरी मोठी गैरसमजूत इन्शुरन्सची. अ‍ॅडजस्टर, म्हणजे क्लेम हाताळणारा कंपनीचा माणूस, फोन करतो, कागद मागतो, ऑफर देतो, लोकांना वाटतं केस चालू आहे, पण ह्या बोलण्याने मुदत एक दिवसही थांबत नाही. कोर्टात कंप्लेंट, म्हणजे दाव्याचा अर्ज, दाखल झाली तरच दावा लागला असं धरतात. बोलणी लांबणार असतील तर मुदत थांबवायचा करार दोन्ही बाजूंनी लेखी करता येतो, तोंडी आश्वासनावर जाऊ नये. कॅलिफोर्नियात वकील न केलेल्या माणसाला मुदत संपायच्या निदान ६० दिवस आधी कंपनीने लेखी कळवायचं असा नियम आहे, तो सगळीकडे असायला हवा. इन्शुरन्सच्या स्वतःच्या मुदती आणखी वेगळ्या, न्यूयॉर्कमध्ये नो-फॉल्टची (चूक कुणाचीही असो, उपचाराचा खर्च देणाऱ्या इन्शुरन्सची) लेखी सूचना ३० दिवसांत द्यायची, फ्लोरिडात १४ दिवसांत डॉक्टरकडे गेलं नाही तर पीआयपी ह्या तशाच इन्शुरन्सचे उपचाराचे पैसे जातात.

मोजणी बहुतेक वेळा अपघाताच्या दिवसापासून. जखमी अल्पवयीन असेल तर बऱ्याच राज्यांत १८ वर्षं पूर्ण झाल्यावर घड्याळ सुरू होतं, पण सरकारवरच्या क्लेमला ही सवलत मिळेलच असं नाही. दुखापत उशिरा लक्षात आली तर काही ठिकाणी तेव्हापासून मोजतात, अपघातात मात्र हे पटवणं अवघड, कारण धडक बसली ते त्याच दिवशी कळलेलं असतं. शेवटचा दिवस रविवारी किंवा सुट्टीला आला तर साधारणपणे कोर्ट उघडेल त्या दिवशी चालतं. कोविडमध्ये काही राज्यांनी मुदतीच थांबवल्या होत्या, न्यूयॉर्कमध्ये २० मार्च ते ३ नोव्हेंबर २०२० हा काळ मोजणीतून वगळला गेला.