नेटवर्क प्लस की सीसीएनए: एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

डिप्लोमा किंवा बीएस्सी झालेल्या मुलाने नेटवर्किंगकडे वळायचं ठरवलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आधी नेटवर्क प्लस करू, की थेट सीसीएनए? नेटवर्क प्लस हे कॉम्पटिया या संस्थेचं, तर सीसीएनए हे नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्को कंपनीचं, परीक्षा देऊन मिळणारं प्रमाणपत्र. उत्तर देणारे दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवतात आणि कुठे काय जास्त आहे ते मोजतात. त्या मोजमापातून फारसं काही हाती लागत नाही. ही दोन्ही प्रमाणपत्रं निघाली ती माल विकणाऱ्यांच्या गरजेतून, आणि त्या दोन विकणाऱ्यांच्या गरजाच वेगळ्या होत्या.

विकणाऱ्याने प्रमाणपत्र देण्याच्या या प्रथेची मुळं नॉव्हेलकडे जातात. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या या कंपनीचं नेटवेअर हे नेटवर्क चालवणारं सॉफ्टवेअर १९८३ मध्ये आलं. पुढची दहा-बारा वर्षं ऑफिसातले पीसी एकमेकांना जोडायचे म्हणजे नेटवेअर, असं समीकरणच होतं. माल विकायचे ठिकठिकाणचे डीलर, पण बसवताना काही अडलं की ओझं यायचं कंपनीवर. १९८० च्या दशकाच्या अखेरीस नॉव्हेलने सीएनई हे प्रमाणपत्र काढलं. डीलरकडच्या माणसाने शिकायचं, परीक्षा द्यायची आणि गिऱ्हाइकाचं निस्तरायचं. कंपनीचा भार हलका झाला, परीक्षेची फी आली आणि तयार माणसांची फौजही उभी राहिली. आज जी व्यवस्था आपण गृहीत धरतो, तिचा साचा हा.

साच्यातला दोषही तिथलाच. सीएनईला पगार बरा मिळतो म्हटल्यावर पुस्तकं घोकून पास होणाऱ्यांची रांग लागली. अशांना ‘पेपर सीएनई’ म्हणत: कागद आहे, पण सर्व्हर बंद पडला तर हात थरथरतात. आपल्याकडे ‘डम्प मारून पास झाला’ (फुटलेले प्रश्न घोकून) म्हणतात ते याच घराण्यातलं. पुढे १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टचं प्रतिस्पर्धी विंडोज एनटी ४.० आलं, इंटरनेटसोबत टीसीपी/आयपी ही त्याची भाषा सगळीकडे पोहोचली, आणि नेटवेअरच्या आयपीएक्स या वेगळ्या भाषेवर मेहनत घेतलेल्यांची विद्या काही वर्षांत जुनी झाली. एका कंपनीच्या मालाला बांधलेलं प्रमाणपत्र त्या मालाबरोबर म्हातारं होतं, हे तेव्हा पहिल्यांदा ठळकपणे दिसलं.

सिस्कोची गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते. लिओनार्ड बोसॅक आणि सँडी लर्नर यांनी १९८४ मध्ये काढलेल्या या कंपनीने १९९३ मध्ये आधी सर्वांत अवघड परीक्षा आणली, सीसीआयई. (पहिला प्रमाणपत्र क्रमांक १०२४, म्हणजे दोनचा दहावा घात, माणसाला न देता परीक्षेच्या लॅबला दिला होता, अभियंत्यांचा विनोद.) खालची पायरी, म्हणजे सीसीएनए, आली १९९८ मध्ये. अगदी आधी कळस, मग पाया. याला कारण होतं. सिस्को आपला माल बहुतांशी भागीदार कंपन्यांमार्फत विकते, आणि भागीदाराला वरचा दर्जा हवा तर त्याच्या पगारपत्रकावर ठरावीक संख्येने प्रमाणपत्रधारक लागत. गोल्ड दर्जासाठी चार सीसीआयई, ही अट अनेक वर्षं प्रसिद्ध होती. म्हणजे प्रमाणपत्र उमेदवाराच्या खिशात असलं, तरी मोजलं जायचं ते मालकाच्या खात्यावर. मुंबई-पुण्यातल्या सिस्टीम इंटिग्रेटर, म्हणजे गिऱ्हाइकाला नेटवर्क उभारून देणाऱ्या, कंपन्या फ्रेशरलाही ‘सीसीएनए आहे का?’ विचारतात, त्यामागे हा हिशेब बराचसा आहे.

नेटवर्क प्लसचं कुळ निराळं. कॉम्पटिया ही १९८२ मध्ये संगणक विक्रेत्यांची संघटना म्हणून सुरू झाली. विक्रेत्याच्या दुकानात चार कंपन्यांचा माल असतो, त्यामुळे त्याला हवा होता कोणत्याही एका ब्रँडला न बांधलेला तंत्रज्ञ. त्यातून १९९३ मध्ये ए प्लस (पीसी दुरुस्तीचं) आणि १९९९ मध्ये नेटवर्क प्लस निघालं. यात राउटरवर कमांड देण्यापेक्षा केबल, पोर्ट, प्रोटोकॉल आणि बिघाड शोधण्याची पद्धत यांवर भर.

या प्रमाणपत्राला खरं वजन मिळालं ते अमेरिकी संरक्षण खात्यामुळे. ८५७० क्रमांकाच्या आदेशाची नियमपुस्तिका २००५ च्या अखेरीस आली आणि खात्याच्या यंत्रणांवर काम करणाऱ्यांना ठरावीक प्रमाणपत्रं सक्तीची झाली. सर्वांत खालच्या तांत्रिक पातळीच्या यादीत ए प्लसशेजारी नेटवर्क प्लस होतं. आपल्याकडे सरकारी नोकरीच्या अटीमुळे एमएस-सीआयटीचं जे झालं, तेच. अमेरिकेतले सल्ले वाचून नेटवर्क प्लसकडे झुकणाऱ्या इथल्या मुलांना हे कुणी सांगत नाही. तिथे ते दार उघडतं, कारण दारावर तसा नियम लावलेला आहे. पुण्यातल्या जाहिरातीत ते क्वचित दिसतं.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. त्यानंतर काही वर्षांतच ‘हार्डवेअर-नेटवर्किंग’ हा जोडशब्द तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला. क्लासमध्ये अर्धा वेळ असेंब्लिंग आणि उरलेला क्रिंपिंगमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर बसवण्यात, जायचा. नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा हा तारांचा रंगक्रम पाढ्यासारखा पाठ करून घ्यायचे. राउटर मात्र महाग. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सिस्कोचा वापरलेला २५०० मालिकेतला राउटर मिळाला तर चार जण वर्गणी काढायचे. आम्हीही काढली होती, आणि त्याच्या पंख्याच्या आवाजाने शेजारी वैतागले होते. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीने (स्थापना १९९७) पॅकेट ट्रेसर हे सिम्युलेटर, म्हणजे संगणकावरच राउटरचा सराव करून देणारं सॉफ्टवेअर, दिलं तेव्हा ही अडचण संपली. सीसीएनएचं पारडं इथे जड होण्यात या फुकट सॉफ्टवेअरचा वाटा मला मोठा वाटतो.

सीसीएनएही एकच राहिलं नाही. २००३ पासून ते एका परीक्षेत किंवा दोन टप्प्यांत देता येऊ लागलं. २००७ मध्ये पहिल्या टप्प्याला स्वतःचं नाव मिळालं, सीसेंट. अर्धी वाट चालणाऱ्याच्या हातीही काहीतरी पडायचं. मग सिक्युरिटी, व्हॉइस, वायरलेस, डेटा सेंटर अशी शेपटं लावलेली सीसीएनए निघाली आणि मूळ परीक्षेला २०१३ मध्ये ‘राउटिंग अँड स्विचिंग’ (आर अँड एस) हे नाव जोडावं लागलं. २४ फेब्रुवारी २०२० ला सिस्कोने हा पसारा आवरला. एकच सीसीएनए, परीक्षा २००-३०१. डेटाचा रस्ता ठरवणाऱ्या प्रोटोकॉलपैकी ईआयजीआरपी गेलं, ओएसपीएफ राहिलं, ऑटोमेशन आणि जेसन हा डेटा लिहिण्याचा साचा आले. सीसीएनपी या वरच्या पायरीसाठी सीसीएनए हवंच ही अटही त्याच दिवशी गेली.

सीसेंटही तेव्हाच बंद झालं, आणि नवशिक्याची सगळ्यात खालची पायरी निखळली. १२० मिनिटांची, ३०० डॉलर अधिक कर अशी थेट मोठी परीक्षा. नापास झालं तर हातात काहीच नाही. माझ्या मते सिस्कोची ही चूक होती, आणि २०२३ मध्ये सीसीएसटी ही ५० मिनिटांची छोटी परीक्षा आणून त्यांनी ती जवळजवळ कबूलच केली. मात्र भागीदार कंपन्यांच्या लेखी मोजलं जातं ते सीसीएनए, म्हणून नोकरी देणारे सीसीएसटीबद्दल अजून थंडच आहेत.

कॉम्पटियाकडेही हालचाल झाली. त्यांची प्रमाणपत्रं आधी आयुष्यभरासाठी होती. १ जानेवारी २०११ पासून नव्यांना तीन वर्षांची मुदत लागली, जुन्यांची तशीच राहिली. नेटवर्क प्लसची चालू आवृत्ती, एन१०-००९, जून २०२४ मधली. २०२५ च्या सुरुवातीला कॉम्पटियाचं नाव आणि परीक्षांचा व्यवसाय गुंतवणूक कंपन्यांनी विकत घेतला, आणि ना-नफा संघटना वेगळ्या नावाने बाजूला झाली.

इथल्या नोकरीच्या जाहिरातींत मात्र ‘सीसीएनए (आर अँड एस) आवश्यक’ ही ओळ अजून दिसते. त्या नावाची परीक्षा २०२० नंतर कुणालाच देता आलेली नाही, आणि आधी दिलेल्यांचं प्रमाणपत्र नूतनीकरण न केल्यास तीन वर्षांत संपलेलं असतं.