घाऊकवाल्याला वेगळा मेनू, किरकोळ गिऱ्हाइकाला वेगळा

चादरीच्या दुकानात घाऊक व्यापारी आला की त्याला गादीवर बसवतात, चहा येतो, बोलणं गठ्ठ्यांच्या हिशेबात होतं. आहेरासाठी चार चादरी न्यायला आलेल्या बाईंसमोर मात्र थेट घड्या उलगडल्या जातात. दोघांपुढे एकच पाढा वाचला जात नाही. आपल्या वेबसाइटवर मात्र दोघांपुढे तोच पाढा वाचला जातो. कोणत्याही पानावर जा, वर तीच चौदा-पंधरा नावांची पट्टी, म्हणजे मेनू.

टेरी टॉवेलच्या एका कारखानदाराची साइट करताना हे आम्हाला प्रकर्षानं जाणवलं. बाहेरगावच्या खरेदीदाराला हवं असतं जीएसएम (दर चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), साइज, किमान ऑर्डर आणि पॅकिंग. घरगुती गिऱ्हाइकाला हवी असते किंमत, घरपोच किती दिवसांत आणि बदलून मिळेल का. एकाच मेनूत दोन्ही कोंबलं की मोबाइलवर तीन रेघांचं बटण दाबल्यावर यादी संपतच नाही, आणि माणूस मधूनच निघून जातो. म्हणून ज्या विभागाचं गिऱ्हाईक वेगळं, त्या विभागाला मेनू वेगळा असावा, असं आमचं ठाम मत आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या साइट वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या तयार प्रणालीवर आहेत. वर्डप्रेसमध्ये स्वतःचे मेनू तयार करण्याची सोय 2010 साली, 3.0 आवृत्तीत आली. मेनू हवे तितके बनवता येतात, पण ते कुठे दिसायचे त्या जागा थीम, म्हणजे साइटच्या रंगरूपाचा साचा, ठरवते, आणि एका जागेवर एकच मेनू बसतो. तो मग साइटभर दिसतो. 'या पानावर हा मेनू' असा पर्याय तुम्ही सेटिंगमध्ये शोधून दमला असाल, तर चूक तुमची नाही. तो तिथे नाहीच.

जुन्या पद्धतीच्या थीमवर सोपा मार्ग म्हणजे 'कंडिशनल मेनूज' हे प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर. अपिअरन्समधल्या मेनूजमध्ये जाऊन 'घाऊक' नावाचा नवा मेनू करा, त्यात घाऊक विभागाची पानं घाला आणि सेव्ह करा. जागेच्या चौकटीवर टिक करू नका, नाहीतर तो सगळीकडे दिसू लागेल. मग 'मॅनेज लोकेशन्स'मध्ये मुख्य मेनूच्या जागेजवळ कंडिशनल मेनू जोडा, 'घाऊक' निवडा आणि तो ज्या पानांवर हवा त्यांवर खूण करा. काही थीममध्ये मोबाइलच्या मेनूची जागा वेगळी असते. तिथेही हेच करावं लागतं, आणि नेमकं तेच विसरलं जातं.

जानेवारी 2022 मध्ये 5.9 आवृत्ती आल्यापासून ब्लॉक थीमही वापरात आहेत, म्हणजे ज्यांत साइटचा प्रत्येक भाग तुकडे (ब्लॉक) जोडून बनवतात. त्यांत मेनूजचं पान सहसा दिसत नाही. तिथे एडिटरमध्ये दुसरा हेडर (पानाचा वरचा भाग) बनवायचा, त्यातल्या नेव्हिगेशन ब्लॉकला घाऊक मेनू द्यायचा, तो हेडर असलेलं नवं टेम्पलेट (पानाच्या मांडणीचा साचा) करायचं आणि त्या-त्या पानाला ते टेम्पलेट लावायचं. एकदा घडी बसली की प्लगइनची गरज उरत नाही. जूमला ही वर्डप्रेससारखीच दुसरी प्रणाली वापरणाऱ्यांना तर हे आधीपासूनच मिळालंय: मेनू मॉड्यूल उघडा, 'मेनू असाइनमेंट'मध्ये फक्त निवडलेली पानं हा पर्याय घ्या, झालं.

कोड लिहूनही हे होतं, पण ते काम आमच्यावर सोडा. मूळ थीमच्या फाइलमध्ये लिहिलेलं थीम अपडेट झाली की पुसलं जातं, म्हणून आम्ही ते चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर बेतलेल्या वेगळ्या थीममध्ये लिहितो. कोडमध्ये 'टॉवेल' पानाचं नाव दिलं म्हणून त्याच्या पोटातल्या पानांना तो मेनू आपोआप लागत नाही, तेही सांगावं लागतं. आणि वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या प्लगइनचं 'शॉप' पान साधं पान म्हणून ओळखलं जात नाही, त्यासाठी वेगळी अट लागते.

शेंगा चटणी विकणाऱ्या एका ग्राहकाच्या साइटवर सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेआधी आम्ही खास पानाला छोटा मेनू लावला, आणि त्यात कार्टची लिंक घालायची राहिली. चटणी निवडलेली माणसं पैसे कुठे भरायचे ते शोधत फोन करू लागली. चूक आमचीच होती. तेव्हापासून मुख्यपान, कार्ट आणि संपर्क या तीन गोष्टी प्रत्येक मेनूत, त्याच जागी ठेवतो. मधलं तेवढं बदलतो. पान बदलताच सगळंच हललं, तर आपण दुसऱ्याच साइटवर आलो की काय असं गिऱ्हाइकाला वाटतं.

तीनपेक्षा जास्त मेनू करू नका. एखादं नवं पान आलं की प्रत्येक मेनूत सहसा हातानं घालावं लागतं, आणि पाच मेनू कोणी सांभाळत नाही. बदल केल्यावर जुनाच मेनू दिसला तर घाबरू नका, कॅशे (साठवून ठेवलेली जुनी प्रत) रिकामी करून लॉगआउट होऊन पाहा.

हे आमच्याकडून करून घ्यायचं असेल तर एका कागदावर तुमच्या पानांची नावं लिहा. प्रत्येकासमोर तिथे कोण येतं आणि त्यानं पुढे कुठे जावं ते लिहा, आणि त्या कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. थीमचं नाव माहीत नसलं तरी चालेल, ते आम्ही पाहून घेऊ.