टॅपेट कव्हरला रंग देण्याआधी

जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, रंगाचे पोपडे निघालेले दिसतात. दोष बहुतेक वेळा उष्णतेला दिला जातो. पण हे कव्हर साधारण शंभर अंशांच्या आसपासच तापतं आणि इंजिनासाठी बनवलेला रंग त्याहून कितीतरी जास्त सोसतो. खरी अडचण रंगाच्या खाली असते: तेलात आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये.

ओतीव अ‍ॅल्युमिनियमला बारीक छिद्रं असतात आणि वर्षानुवर्षांचं ऑइल त्यांत मुरलेलं असतं. म्हणून आधी डीग्रीझरने, म्हणजे तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने, धुवायचं आणि मगच घासायचं. उलट केलं तर पॉलिश पेपर तेच तेल ओरखड्यांत आणखी खोल दाबतो.

जुना रंग काढायला कॉस्टिक सोडा मात्र कधीही वापरू नये. तो लोखंडाला फारसा धक्का लावत नाही, अ‍ॅल्युमिनियमला मात्र खातो. त्यातून हायड्रोजन बाहेर पडतो, ठिणगी मिळाली तर पेट घेणारा. पेंट रिमूव्हर वापरणार असाल तर डब्यावर डायक्लोरोमिथेनचं नाव आहे का ते बघा. त्याची वाफ श्वासातून गेली की शरीरात तिचं कार्बन मोनॉक्साइड बनतं. बंद खोलीत या रसायनामुळे माणसं दगावली आहेत, आणि अमेरिकेने 2019 साली घरगुती रिमूव्हरमध्ये त्यावर बंदी घातली. कव्हर मॅग्नेशियमचं किंवा प्लॅस्टिकचं असेल तर ही रसायनं दूरच ठेवावीत.

धातू उघडा पडला की हवेतला ऑक्सिजन क्षणात त्यावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर चढवतो. हा ताजा थर घट्ट असतो. ओल खाऊन पांढुरका झालेला जुना थर भुसभुशीत असतो, आणि रंग त्याच्यासकट सुटून येतो. एच प्राइमरमधलं (etch primer, उघड्या धातूवर रंगाआधी मारायचं अस्तर) फॉस्फोरिक आम्ल पृष्ठभाग किंचित खरवडतं आणि रंगाला धरायला जागा देतं. घासून पुसल्यावर प्राइमर मारायला उशीर करू नये, बोटांचा स्पर्शही टाळावा.

होंडाच्या टाइप आर गाड्यांच्या कव्हरवरचा सुरकुत्यांचा लाल रंग अनेकांना हवा असतो. त्यामागचं विज्ञान मला फार देखणं वाटतं. वरचा पापुद्रा हवेने आधी घट्ट होतो, खालचा रंग अजून ओलाच असतो. खालचं द्रावक शोषून पापुद्रा फुगतो, पण पसरायला जागा नसते, म्हणून दुधावरच्या सायीसारखा तो सुरकुततो. थर जाड तितक्या सुरकुत्या मोठ्या. म्हणून या रंगाचे हात एकसारख्या जाडीचे हवेत, आणि ऊब दिली की सुरकुत्या लवकर उठतात.

कव्हरच्या आत रंग जाऊ देऊ नये. तिथे सुटलेली खपली थेट ऑइलमध्ये पडते आणि ऑइल पंपाच्या जाळीपर्यंत पोचते. जुना रंग वाळूच्या माऱ्याने (सँडब्लास्टिंग) काढताना तिचे कण आतल्या बॅफलखाली, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या पत्र्याखाली, अडकले तर त्याहून वाईट, कारण ते बेअरिंग खरवडतात. पॅकिंग बसते ती कडाही मास्किंग टेपने झाकावी, पॅकिंग नवीन घालावं आणि बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे पिळाच्या जोरानेच, आवळावेत. पॅकिंगमधून ऑइल झिरपत राहिलं, तर ते काठाकडून नव्या रंगाखाली शिरतं.