पावकी-दिडकी वर्गातून गेली, त्यामागचा हिशेब

कोल्हापुरात प्लॉटचा भाव गुंठ्यावर ठरतो आणि सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. दोन्हींचा मेळ घालायला अपूर्णांक लागतात, पण मुलांचे अपूर्णांक कच्चे का, असे विचारले की ‘पावकी-दिडकीसारख्या अपूर्णांकांच्या पाढ्यांचे पाठांतर गेले’ हे उत्तर ठरलेले. ते अर्धेच खरे आहे. ज्या मापांसाठी ते पाठांतर होते, ती मापे आधी गेली.

पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अंक गिरवून झाले की पाढे, आणि त्यानंतर अपूर्णांकांचे पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. (साडेतीन शक्तिपीठांतले एक पूर्ण पीठ ज्या गावात आहे, तिथे औटकी परकी वाटायला नको.) यातले काहीच शोभेचे नव्हते. रुपयाचे 16 आणे, शेराचे 16 छटाक, गुंठ्याचेही 16 आणे. सोळाचे निम्मे आठ, मग चार, दोन, एक. चार वेळा निम्मे केले तरी तुकडा उरत नाही. अडीच आण्यांना एक असे सात नग घेतले तर ‘सात अडीच साडेसतरा’, म्हणजे एक रुपया दीड आणा. कागद लागतच नाही.

तिसरा हिस्सा मात्र या पाढ्यांत बसत नाही. ती सोय पैने केली होती. आण्याच्या 12 पै, म्हणून रुपयाच्या 192, आणि 192 ला तीनने पूर्ण भाग जातो. तिघा भावांत वाटणी झाली की प्रत्येकी 5 आणे 4 पै; तिप्पट करून पाहा, बरोबर 16 आणे. हेच 33.33 टक्के लिहिले की 0.01 टक्का कुणाच्याच नावावर लागत नाही. भाऊ पाच असले तर जुना हिशेबही अडायचा: प्रत्येकी 38 पै देऊन 2 पै उरायच्या.

ही हातोटी सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हती, हेही सांगायला हवे. ती मुख्यतः दुकान, सावकारी आणि कुलकर्ण्याचे दप्तर सांभाळणाऱ्या घरांत होती. शाहू छत्रपतींनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. शेतकऱ्याचे, कारागिराचे मूल वर्गात आणण्याची ती वाट होती. ‘जुनी उजळणी (पाढ्यांचे पाठांतर) परत आणा’ म्हणणाऱ्यांनी ही बाजू विसरू नये. शिवाय त्या उजळणीत ‘असे का’ विचारायला जागाच नव्हती.

मग 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे 100 नये पैसे झाले. वजने-मापेही 1958 पासून टप्प्याटप्प्याने दशमान झाली. शंभराचे निम्मे 50, त्याचे निम्मे 25, आणि तिथेच गाडी अडते. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे, पण सव्वासहाचे नाणे कुठून आणणार? म्हणून सरकारी तक्त्यात एका आण्याचे 6, दोन आण्यांचे 12 आणि तीन आण्यांचे 19 नये पैसे धरले. एक आण्याची आणि दोन आण्यांची वस्तू वेगवेगळी घेतली तर 18, एकत्र घेतली तर 19! दिडकी-अडीचकी पाठ असून इथे उपयोग शून्य. पाढे काही वर्षे सवयीने म्हटले गेले आणि मग सुटले.

त्यांची जागा भाकरीच्या चित्राने घेतली: चार तुकडे, एक रंगवलेला. चित्र वाईट नाही, पण मूल त्यात दोन आकडे पाहते, एक वर, एक खाली. म्हणूनच 1/3 + 1/4 = 2/7 असे उत्तर येते. पावकी म्हणणाऱ्यासाठी पाव ही एकच संख्या होती, तिने गुणायचे असते. ही समज संख्यारेषेवर परत आणता येते: 0 ते 1 मध्ये 12 सारखे भाग पाडा, 1/3 चौथ्या खुणेवर, 1/4 तिसऱ्या खुणेवर, बेरीज सातव्या खुणेवर. 7/12 डोळ्यांना दिसते आणि 2/7 त्याच्या बरेच अलीकडे पडते.

बोलण्यात मात्र जुने अपूर्णांक शाबूत आहेत, आणि त्यांतही मुलांच्या चुका होतात. ‘पावणेतीन’ ऐकून मूल 3.75 लिहिते, कारण तीन ऐकू येते आणि पाऊणही. तीनमधून पाव वजा करायचा, हे कुणी सांगितलेले नसते. दशांश चिन्ह रुपये-पैशांवरून शिकवले तर 3.5 म्हणजे ‘तीन रुपये पाच पैसे’ होते. त्यापेक्षा मीटरची टेप बरी: 3.5 आणि 3.05 मीटर दोन्ही मोजून घ्या, 45 सेंटिमीटरचा फरक समोर दिसतो.

सातबाऱ्यावर 0.40.05 असे दोन टिंबांचे क्षेत्र असते: शून्य हेक्टर, 40 आर, 5 चौरस मीटर. प्रत्येक घर शंभराचे, म्हणून दशांशात ते 0.4005 हेक्टर. शून्य गाळून 0.40.5 लिहिले की वाचणारा 50 चौरस मीटर समजू शकतो. दुसरी चूक मोठ्या माणसांची: गुंठा आणि आर एकच धरणे. गुंठा 33 फूट गुणिले 33 फूट, म्हणजे 1089 चौरस फूट, सुमारे 101.17 चौरस मीटर. आर 100 चौरस मीटरचा. 40 गुंठ्यांच्या एकरात हा फरक साधारण 47 चौरस मीटरवर जातो, म्हणजे सुमारे 500 चौरस फूट.