ठासणीच्या नळीतला खार

भात पिवळे पडू लागले की सह्याद्रीच्या पायथ्यापासून खाडीच्या काठापर्यंत कोकणातील अनेक शेतकऱ्यांची रात्र शेतातल्या माळ्यावर जाते, आणि ज्यांच्याकडे शेती संरक्षणाचा परवाना आहे त्यांच्या हाताशी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक असते. रानडुकरांना पिटाळण्यासाठी नुसता आवाजाचा बार काढला जातो, सकाळी बंदूक घरी येते आणि गजाला चिंधी गुंडाळून नळीतून रॉकेलचा बोळा फिरवला जातो. रॉकेल मिळेनासे झाल्यापासून काही घरांत त्याची जागा डिझेलने घेतली आहे. चिंधी काळी निघते, म्हणून नळी साफ झाली असे समजून बंदूक भिंतीला टांगली जाते आणि महिन्याभराने नळीच्या तोंडाशी तांबूस कड दिसू लागते. दोष हवेला दिला जातो. हवेचा वाटा आहेच, परंतु मूळ चूक विद्रावकाच्या, म्हणजे मळ विरघळवणाऱ्या द्रवाच्या, निवडीत आहे.

कोणता द्रव काय विरघळवतो, हे त्या द्रवाच्या उग्र वासावर ठरत नाही. मीठ पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. डांबर रॉकेलमध्ये विरघळते, पाण्यात विरघळत नाही. क्षार विद्युतभारित आयनांचे बनलेले असतात आणि पाण्याचे ध्रुवीय, म्हणजे एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण भार असलेले, रेणू त्या आयनांना वेढून एकमेकांपासून सोडवतात, तर रॉकेलच्या अध्रुवीय रेणूंना ते काम जमत नाही. म्हणून नळी कशाने धुवायची हे ठरवण्यापूर्वी नळीत नेमके काय साचले आहे, हे पाहिले पाहिजे.

ठासणीच्या बंदुकीत वापरली जाणारी काळी दारू म्हणजे साधारणपणे ७५ टक्के सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. ती जळून सगळीच वायुरूप होते असा समज आहे, पण अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १८७०च्या दशकात पोलादी बंद भांड्यात ती जाळून मोजमाप केले, तेव्हा वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग घन पदार्थांचा निघाला. म्हणजे तीन ग्रॅम दारूच्या बारातून दीड ग्रॅमहून अधिक घन पदार्थ तयार होतो. त्यातला बराचसा पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर जातो आणि उरलेला नळीला आतून चिकटतो. आवाजासाठी काढलेला बारही याला अपवाद नाही. या थरात न जळालेला कोळसा थोडा असतो; मुख्यतः पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड असतात. पोटॅशियम कार्बोनेट आपल्या घरांना नवे नाही. चुलीच्या राखेतला पाण्यात उतरणारा खार प्रामुख्याने तोच, आणि तांब्या-पितळेची भांडी घासताना राख हाताला बुळबुळीत लागते ती त्याच्यामुळेच.

या खाराची खोड अशी की तो हवेतले पाणी ओढून घेतो. सापेक्ष आर्द्रता सुमारे ४३ टक्क्यांच्या वर गेली की पोटॅशियम कार्बोनेट स्वतःच शोषलेल्या पाण्यात विरघळू लागते. साध्या मिठाच्या बाबतीत हा आकडा सुमारे ७५ आहे. मालवण, देवगड किंवा गुहागरच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच रेंगाळते, म्हणजे दोन्ही मर्यादा दिवसचे दिवस ओलांडलेल्या असतात. निव्वळ कार्बोनेटचा द्रव अल्कधर्मी असल्याने लोखंडाला फारसा जाचक नसतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु तो नळीत ओल धरून ठेवतो आणि त्या ओलीत सल्फाइड व खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे क्लोराइड आपले काम करतात. क्लोराइड लोखंडावरचा पातळ संरक्षक पापुद्रा ठिकठिकाणी फोडते, तिथून लोखंड विरघळू लागते आणि तयार होणारा गंज सच्छिद्र असल्याने खालच्या धातूला झाकत नाही.

आता रॉकेलचे काय होते, ते पाहू. चिंधीबरोबर काजळी आणि थोडा सुटा खार निघून येतो, पण घट्ट बसलेला खार न विरघळता तसाच राहतो आणि त्यावर तेलकट थर बसतो. रॉकेल सावकाश उडून जाते, ओल आत शिरते. वरून चकाकणारी नळी आतून खाल्ली जाते ती अशी. यावर उपाय म्हणून काही जण पाण्यात खाण्याचा सोडा घालतात, कारण गंधकामुळे नळीत आम्ल तयार होते अशी त्यांची समजूत असते. थर मुळातच अल्कधर्मी असल्यामुळे सोड्याचे तिथे काही काम नाही. त्याने अपाय होत नाही, एवढेच.

तेव्हा ठासणीच्या बंदुकीसाठी घरगुती विद्रावक कोणता, याचे उत्तर काहीसे निराश करणारे आहे: कढत पाणी आणि त्यात भांड्यांच्या साबणाचे काही थेंब. रिठ्याचे पाणीही चालते, कारण रिठ्यातील सॅपोनिन साबणासारखेच तेलकट काजळी पाण्यात धरून ठेवते. धुतलेल्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो, तो सल्फाइडचा. वास थांबेपर्यंत आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवावे. पाणी कढत असण्याचे कारण केवळ खार लवकर विरघळावा एवढेच नाही, तर तापलेली नळी स्वतःच्या उष्णतेने आतून वाळते. ब्रिटिश लष्करातही ‘थ्री-नॉट-थ्री’ रायफलींच्या नळ्यांत नरसाळ्याने उकळते पाणी ओतण्याची पद्धत होती, कारण त्या काळच्या काडतुसांच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेट जळून पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचेच भावंड, मागे राहत असे.

मात्र धुण्याआधी बंदूक रिकामी असल्याची खात्री हवी, आणि ठासणीच्या बंदुकीत ती डोळ्यांनी होत नाही. टोपी काढून घ्यावी, गज नळीत तळापर्यंत सोडावा, तोंडाशी बोटाने खूण धरावी आणि गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहावा. खूण धरून गज रंजकाच्या छिद्राजवळ (जिथून ठिणगी दारूपर्यंत जाते तिथे) पोहोचत नसेल, तर आत भरण आहे.

नळी वाळल्यावर ती कोमट असतानाच तेलाचा पातळ हात फिरवणे आवश्यक आहे, कारण धुतलेले उघडे लोखंड आपल्या हवेत काही तासांतही तांबूस होते. इथे खोबरेल तेलाचा मोह होतो. खोबरेल बहुतांशी संपृक्त असल्याने जवसाच्या तेलासारखे चिकट होऊन वाळत नाही, परंतु ते खवट होते आणि त्यातून सुटणारी मेदाम्ले धातूला लागतात. देवघरातल्या पितळी समईवर धरणारी हिरवी पुटी त्याच जातीची. उंडीच्या तेलाबद्दलही माझे मत हेच आहे. शिलाई यंत्राचे किंवा इंजिनाचे खनिज तेल बरे. लेथवर वापरतात ते पाण्यात मिसळून दुधाळ होणारे कटिंग ऑइल हा आणखी एक चांगला पर्याय आहे, कारण त्यात खार विरघळवणारे पाणी आणि मागे उरणारे तेल एकाच द्रवात येतात.

बारा बोअरच्या काडतुसी बंदुकीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यातील धूररहित दारू नायट्रोसेल्युलोजची असते, तिची काजळी आणि शिशाचा लेप पाण्याला दाद देत नाहीत, आणि तिथे रॉकेल योग्य ठरते. अमेरिकेतील बंदूकतज्ज्ञ एड हॅरिस यांचे ‘एड्स रेड’ हे मिश्रण याच कामासाठी प्रसिद्ध आहे: स्वयंचलित गिअरपेटीचे तांबडे तेल, रॉकेल, मिनरल टर्पेंटाइन आणि अॅसिटोन, सगळे समभाग. यातल्या अॅसिटोनविषयी मला शंका वाटते. रॉकेलची वाफ पेटण्यासाठी ते ३५ अंश सेल्सिअसच्या वर तापावे लागते, तर अॅसिटोनला उणे २० अंशही पुरतात, आणि चार द्रव एकत्र आले की मिश्रण त्यातल्या सर्वांत चटकन पेटणाऱ्याच्या वळणावर जाते. अॅसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते, म्हणून पडवीतली बाटली आणि माजघरातली चूल यांच्यामध्ये भिंत असणे पुरेसे नसते. शिवाय दस्त्यावरचे पॉलिशही त्याने जाते. अॅसिटोन वगळून उरलेले तिन्ही घेतले, तर काम थोडे सावकाश होते, इतकेच. पेट्रोल मात्र कोणत्याही सबबीवर वापरू नये. शिशाचा लेप काढण्यासाठी व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र करण्याची युक्ती सांगितली जाते, तीही टाळावी. त्यातून शिशाचे विरघळणारे आणि अत्यंत विषारी अॅसिटेट तयार होते.

शिसे हाताला आणि चिंध्यांनाही लागतेच, त्यामुळे हे काम स्वयंपाकाच्या भांड्यांत करू नये आणि धुवणाचे पाणी विहिरीच्या किंवा वहाळाच्या जवळ ओतू नये. साफ केलेली बंदूक पावसाळ्यात कापडी खोळीत ठेवण्याची चाल आहे, पण खोळ ओल धरते. उघडी, कोरड्या भिंतीला, नळीचे तोंड खाली करून ठेवलेली बरी. दोन दिवसांनी तेलाची पांढरी चिंधी पुन्हा एकदा नळीतून फिरवावी. ती तांबूस निघाली तर खार अजून आत आहे, आणि पाणी पुन्हा चुलीवर ठेवावे लागेल.